इंजिन बंद, हवा चालू

यंदाच्या चौदा एप्रिलला, सकाळी, मिरवणूक निघायच्या आधी, बुलढाण्याच्या एका शोरूममध्ये माझ्या आईला फसवलं गेलं. फसवलं हा शब्द मी विचार करून वापरते आहे. तिला चोरीची गाडी दिली नाही, खोटा कागद दिला नाही. तिनं जे मागितलं, त्याच नावाचं दुसरं काहीतरी तिच्या हाती दिलं. नाव एकच असल्यामुळे कुणाला शिक्षा होणार नाही, हे मला आता कळलं आहे.

मी पत्रकं लिहिते. बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्या, नळाचं गढूळ पाणी, शाळेचं गळकं छत. चौकात उभं राहून ती वाटते, लोक घडी करून खिशात घालतात. पूर्वी रागाच्या भरात उभ्या उभ्या लिहून काढायचे. हल्ली राग आला तरी बसल्या जागीच येतो.

बाबांचं आयुष्य खामगावच्या एका जिनिंगमध्ये गेलं. कापसाचे बारीक तंतू उडतात, ते नाकातोंडातून आत जातात आणि आतच राहतात. आमच्या देऊळघाटच्या घरात ते पायरी चढले तरी धाप लागते. महिन्यातून एकदा अकोल्याच्या दवाखान्यात दाखवायला न्यावं लागतं. तिथं नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो, आणि डॉक्टरांनी बजावलंय की यांना खोकणाऱ्यांच्या गर्दीत बसवू नका, उन्हात तर मुळीच नको. मग कुठं बसवायचं? गाडीत. आम्ही भाड्यानं डिझेलची गाडी करायचो आणि एसी लावून त्यांना आत बसवायचो. दहा मिनिटांत वॉचमन काचेवर टकटक करायचा.

"ओ ताई, गाडी बंद करा. धूर वार्डात जाऊन राह्यला."

तो बरोबरच बोलायचा. तिथं आत पडलेलेही कुणाचे तरी बाबाच होते.

आई आरोग्यसेविका होती, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याच पार्किंगमध्ये तिला एक गाडी दिसली. काचा बंद, इंजिन बंद, आणि आत ड्रायव्हर मान टाकून पडलेला. आईनं दोन्ही हातांनी काच बडवली. तो दचकून उठला.

"काय झालं मावशी?"

"अरे, मले वाटलं गेला तू. भर उन्हात काचा लावून कोणी झोपते काय?"

"एसी चालू हाय ना. हायब्रीड गाडी हाय, बॅटरीवर चालते. मधी मधी इंजन आपलं आपण लागते, बॅटरी भरली का बंद होते."

त्यानं काच खाली केली, आईनं हात आत घालून पाहिला. गार हवा. धूर नाही, आवाज नाही. ती परत आली आणि बाबांना म्हणाली, "आपल्याले हे पाहिजे." निवृत्तीचे पैसे कशावर खर्च करायचे, हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

पुढचं वर्षभर ती किमतींची चौकशी करत राहिली. आमच्या घरात मोठे निर्णय तीच घेते आणि एकटी घेते. एप्रिलच्या सुरुवातीला ती शोरूममध्ये गेली. सेल्समन चुणचुणीत होता, पाणी विचारलं, मग चहा विचारला. आईनं सरळ सांगितलं, हायब्रीड पाहिजे, उभ्या गाडीत एसी चालला पाहिजे. तो म्हणाला, "हायब्रीडमध्ये दोन आहेत मॅडम. ती मोठी बुकिंगवर येते, दोन-अडीच महिने धरा. ही उभीच आहे. हीपण हायब्रीडच, मागं लिहिलेलं आहे बघा." आई बॅटरीचं विचारू लागली, तसा तो म्हणाला, "बॅटरी आहे, एसी आहे, सगळं आहे." आणि मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "जयंतीला दारात पाहिजे असेल ना?"

इथं आम्ही सापडलो. आमच्या वस्तीत नवी गाडी जयंतीला आणतात. मुहूर्ताला आई आयुष्यभर हसत आली. लसीकरणाला गेली आणि एखादी सून म्हणाली की आज अमावस्या आहे, उद्या टोचा, तर आई तिला उंबऱ्यातच गाठायची. पण चौदा एप्रिलची गोष्ट वेगळी. मी म्हटलं, थांबू या ना दोन महिने. ती म्हणाली, "हा काही मुहूर्त नोहे. हा आपला दिवस हाय." आणि खरं कारण तिनं नंतर, भाजी निवडताना सांगितलं. बाबांना मिरवणुकीत चालता येईनासं झालं त्याला बरीच वर्षं झाली होती. ते ओट्यावर बसून आवाज ऐकायचे. यंदा ते पुढच्या सीटवर बसून मिरवणुकीत जाणार होते.

शोरूमवाल्यानं चावीसोबत नारळ दिला. आईनं चावी घेतली, नारळ त्याच्या टेबलावर ठेवला. वस्तीत वंदना झाली, मी गाडीला निळा झेंडा बांधला, आणि आम्ही निघालो. मी स्टिअरिंगवर, बाबा शेजारी पांढऱ्या सदऱ्यात. लोक खिडकीत वाकून त्यांच्या कपाळाला निळा गुलाल लावत होते. ते हात हलवत होते. मिरवणूक मुंगीच्या पावलांनी चालते. त्या वेगात खरी हायब्रीड इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर सरकते. आमचं इंजिन तासन्‌तास चालू होतं. पुढं डीजे, मागं डीजे. कुणाला काय ऐकू येणार?

ऐकू आलं मे महिन्यात, अकोल्यात. लिंबाच्या झाडाखाली जागा मिळाली. आई नंबर लावायला आत गेली. मी ब्रेक दाबून गाडी उभी केली तसं इंजिन आपोआप बंद झालं. बाबा खूश झाले.

"पाह्य, बंद झालं. हवा चालू हाय."

हवा चालू होती, पण गार होईना. थोड्या वेळात नुसता पंखा. मग ती कोमट झाली. मी बटणं दाबत बसले. ब्रेकवरून पाय काढला की इंजिन पुन्हा धडधड सुरू. पुस्तिकेत शोधलं तर तसंच लिहिलेलं होतं. मी इंजिन सुरू करून एसी लावला, आणि ठरल्यासारखा वॉचमन आला.

"हे तं नवी गाडी हाय ना ताई?"

"हो."

"मंग धूर काऊन?"

बाबांना हसू आलं आणि हसता हसता खोकला लागला. "आपल्या पंचायतीच्या मेंबरसारखी हाय हे," ते म्हणाले. "बोर्ड मोठा, कामाच्या वक्ताले बंद." मी इंजिन बंद करून काचा खाली केल्या. बाहेरची झळ आत आली. त्यांचे ओठ सुकले, मग निळसर दिसायला लागले, आणि ते हसायचे थांबले. मी आत पळाले. आईनं आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून त्याच गर्दीतून नेलं, जिथं त्यांना न्यायचं नव्हतं. ऑक्सिजन लावला. चार दिवस तिथं राहावं लागलं.

मग मी वाचायला बसले. एका रात्रीत कळण्यासारखं होतं, याचाच जास्त त्रास झाला. आमची माइल्ड हायब्रीड, तिच्यात बॅटरी लहान असते. ती सिग्नलला इंजिन बंद करते, पुन्हा सुरू करते, निघताना थोडा हातभार लावते. चाकं तिच्या एकटीच्या जोरावर फिरत नाहीत. आमच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर होता, म्हणजे इंजिन थांबलं की गारवा थांबला. स्ट्राँग हायब्रीडची बॅटरी मोठी. ती गाडी स्वतः ओढू शकते, एसी तिच्यावर चालतो, आणि अकोल्याच्या वाटेवरचा बोथ्याचा घाट उतरताना ब्रेक लावला की ती भरते. तिसरी प्लगइन, घरी वायर लावून भरायची. ती आपल्याकडे मोजक्या महागड्या गाड्यांतच मिळते, आणि मिळाली तरी देऊळघाटची लाईन रात्री कधी जाईल याचा भरवसा नाही. तिघींच्या मागं एकच शब्द लिहितात.

मी शोरूममध्ये गेले. पत्रक लिहूनच नेलं होतं. सेल्समननं ते शांतपणे वाचलं.

"मॅडम, मी एक शब्द खोटा बोललो असेल तर दाखवा."

"तिनं उभ्या गाडीतल्या एसीचं विचारलं होतं."

"मी म्हटलं एसी आहे. आहे ना?" मग जरा खालच्या आवाजात, "ताई, मोठीसाठी मी थांबा म्हटलंच होतं. जयंतीचं तुमच्याच घरून आलं."

कॅलेंडरकडे आधी पाहिलं त्यानं. पण ते कागदावर नव्हतं. मी पत्रक उचललं आणि बाहेर आले. ते चौकात वाटलं नाही. लोक काय म्हणतील ते मला पाठ होतं: गाडी घ्यायची ऐपत आहे, मग रडता कशाला.

आईनं घरी आल्यावर एवढंच विचारलं, "वापस घेतेत का?" घेत होते, जुनी म्हणून, पडत्या भावात. तिनं दिली. दुसरी बुक केली. ती यायची आहे. तोपर्यंत अकोला भाड्याच्या गाडीनं, त्याच धुरात. पण या महिन्यात बाबांनी नकार दिला. ते ओट्यावर बसले होते, आई तयार होऊन दारात उभी होती.

"उठा ना. गाडी आली."

"मी नाही येत."

"काऊन?"

"बसलो हाय ना इथं. इथं दम कमी लागते." आणि माझ्याकडे पाहून, "पोरी, तू पण बस. तू बी थकली."

ड्रायव्हर थोडा वेळ थांबून निघून गेला. डॉक्टर फोनवर म्हणाले, तपासल्याशिवाय औषध बदलता येणार नाही. आई जुन्याच गोळ्या देते आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. उद्या तुम्ही अशी गाडी घ्यायला जाल तेव्हा नावावर जाऊ नका. विकणाऱ्याला विचारा: इंजिन बंद असताना ही चालते का, आणि इंजिन बंद असताना गार हवा देते का? दोन्हींचं उत्तर हो किंवा नाही, एवढंच घ्या. ते त्याच्या हातानं बिलावर लिहून घ्या, खाली सही घ्या. तो सही करत नसेल तर खुर्चीवरून उठू नका, आणि तुमच्या मागं रांगेत जो असेल त्याला मोठ्यानं सांगा, का उठत नाही ते.