ताईच्या शर्टातलं पोक

ताईनं लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या बाजूला तिचा फोटो असतो आणि फोटोखाली कुणीतरी न चुकता लिहितं, 'शालेय वयापासूनच निर्भीड.' निर्भीड म्हणे! मी तिची सख्खी धाकटी बहीण. शाळेत ग्रुप फोटो काढायची वेळ आली की आम्ही सगळ्या पायरीवर उभ्या राहायचो आणि ही बया पायरी सोडून खाली उतरायची. त्यामुळे खरं काय ते मीच सांगते.

ताई उंच होती. सातवीतच तिनं वर्गबाईंना मागे टाकलं होतं. मुली तिला 'खांब' म्हणायच्या. प्रार्थनेच्या रांगेत ती शेवटी, वर्गात शेवटच्या बाकावर. आईकडची माणसं झाडून सगळी बुटकी. मी तर एवढीशी, की घरात मला 'बटण' म्हणत. आणि बाबा दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेले. उठले तरी मान खाली आणि खांदे पुढे. "ही कुणावर गेलीये कोण जाणे," आई काज करता करता म्हणायची. ते ऐकलं की ताई अंग आणखी चोरून घ्यायची. गुडघे जरा दुमडायचे, खांदे पाडायचे, हनुवटी छातीकडे न्यायची, असा तिचा सगळा बेत ठरलेला होता.

बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही. आमच्या शाळेचे निम्मे गणवेश आमच्याच टेबलावर कापले जात. बाबांचा टेपवर भारी विश्वास. माप घेताना ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतसुद्धा नसत. ते आकडे सांगत आणि आई वहीत लिहून घेई. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ताई पाठ वाकवून टेपसमोर उभी राही. बाबा इमानदारीत वाकलेल्या पाठीचं माप घेत आणि वाकलेल्या पाठीचा शर्ट शिवत. मागचा भाग लांब, पुढचा आखूड. तो शर्ट ताईला असा चपखल बसे की बघणाऱ्याला वाटावं, ही मुलगी जन्मली तीच अशी.

हे उघडकीला आलं ते माझ्यामुळे. त्याचं श्रेय आजवर मला कुणी दिलेलं नाही.

ताई नववीत, मी सहावीत. तिचा सातवीतला शर्ट माझ्या अंगावर आला. बाबांनी बाह्या कापल्या, बाजू आत घेतल्या, पण पाठ तशीच राहिली. मी शाळेत गेले तर मानेखाली हा मोठा फुगा! "पाठीत काय लपवलंयस गं?" मुली विचारायला लागल्या. एकीनं तर दाबून बघितलं. मी घरी आले ती तणतणत. शर्ट काढून कटिंगच्या टेबलावर आपटला.

"मला हिचं पोक नकोय! हिनं आपलं आपल्याजवळ ठेवावं!"

बाबांनी शर्ट पसरला, टेप लावला, पुन्हा लावला. मग वही काढून तीन वर्षांची मापं बघितली. दर वर्षी पाठ वाढत गेलेली आणि पुढचा भाग जेमतेम तेवढाच. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"तीन वर्षं," ते आईला म्हणाले, "मीच हिला वाकायला कपडे शिवून देतोय."

बाबा कधी रडत नसत. त्या दिवशी ते जवळजवळ रडले, आणि मला आपण उगाच आरडाओरडा केला असं वाटलं.

त्याच आठवड्यात ताईचा निबंध शाळेत पहिला आला होता. पहिल्या आलेल्या मुलीनं सोमवारी बक्षीस समारंभात तो स्टेजवरून वाचायचा, असा शाळेचा नियम. ताईची झोप उडाली. तिनं पुढच्या बाकावरची एक गोड आवाजाची, बेताच्या उंचीची मुलगी गाठली आणि 'माझ्याऐवजी तू वाच' म्हणून तिच्याकडून कबूलही करून घेतलं. बाईंना तेवढं शनिवारी सांगायचं बाकी होतं. निबंध तिनं स्वतः लिहिलेला, आणि वाचणार भलतीच! मला इतका राग आला की मी सरळ बाबांना जाऊन सांगितलं. हो, चहाडी केली. पुन्हा करेन.

बाबांनी ताईला हाक मारली. "टेबलावर झोप."

"काय?"

"कटिंगच्या टेबलावर. उताणी. माप घ्यायचंय."

झोपलेल्या माणसाला पोक काढता येत नाही. ताई आडवी झाली तर तिचे पाय टेबलाच्या बाहेर लोंबायला लागले. मी फिसकन हसले, मग आई हसली, आणि शेवटी छताकडे बघत ताईही हसायला लागली. "हलू नकोस," बाबा ओरडत होते, "टेप हलतोय!" पण हसत तेही होतेच.

शनिवारी सकाळी हँगरवर दोन शर्ट टांगलेले होते. एक जुना, एक नवा.

"हा नवा सरळ उभ्या राहणाऱ्या मुलीचा आहे," बाबा म्हणाले. "यात वाकलीस तर गळा काचेल. जुना हवा असेल तर जुना घाल. माझं काही म्हणणं नाही."

"आणि सगळे हसले तर?"

"हसू देत की. त्यानं काही शिवण उसवत नाही."

ताई बराच वेळ हँगरसमोर उभी होती. मग नवा शर्ट घालून गेली. त्या दिवशी तिनं बाईंना काहीच सांगितलं नाही, त्या गोड आवाजाच्या मुलीला तेवढं 'राहू दे' म्हणाली.

सोमवारी आमच्या सहावीच्या गाण्यानंतर माईक आमच्याच उंचीवर राहिला होता. मी खाली येऊन मागच्या भिंतीजवळ आईबाबांपाशी उभी राहिले. ताई स्टेजवर आली आणि सवयीनं माईककडे वाकली. कॉलर गळ्याला काचली असणार, कारण ती दचकून ताठ झाली. आता माईक तिच्या पोटापाशी. शिपाईकाकांनी धावत येऊन दांडा वर ओढला, पण तो छातीपर्यंत येऊन अडकला. सभागृहात खसखस पिकली. मी टाचा उंचावून बघायला लागले. वाकते का पळते?

ताईनं माईक दांड्यातून उपसून हातात घेतला.

"हा मला पुरत नाही," ती म्हणाली, "आणि मी काही कमी होणार नाही."

सभागृहात हशा फुटला. ताईसुद्धा हसली, मग निबंध वाचायला लागली. 'शेवटच्या बाकावरून' असं निबंधाचं नाव. 'इथून सगळ्यांच्या वेण्या दिसतात,' ती वाचत होती, 'आणि कुणाची आज घाईत घातली आहे, हेही दिसतं.' मी हात मागे नेऊन हळूच माझी वेणी चाचपली.

संपलं तेव्हा पुढची माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. बाबांना स्टेज दिसेना. ते डावीकडे झाले, उजवीकडे झाले. मग त्यांनी मान वर केली, खांदे मागे घेतले आणि हळूहळू सरळ झाले. होतच राहिले. भिंतीवरच्या घड्याळाला त्यांचं डोकं लागून घड्याळ तिरकं झालं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. सगळ्या सभागृहात त्यांच्याएवढं उंच दुसरं कुणी नव्हतं. तिकडे स्टेजवर ताई टाळ्या विसरून त्यांच्याकडेच बघत होती.

आई आ वासून वर बघत राहिली.

"अगं बाई," ती मला म्हणाली, "लग्नात एवढेच उंच होते हे."