अकराव्या रकान्यातलं 'नाही'

फॉर्मच्या अकराव्या रकान्यात सोपानने 'नाही' लिहिलं होतं. प्रश्न होता : दारूच्या व्यसनावर कधी उपचार घेतले आहेत का? उत्तर खोटं होतं, आणि ते मला माहीत होतं.

मी, तुमची आजी, तेव्हा चाकणच्या एका कंपनीत एचआर मॅनेजर होते. रिटायरमेंटला आठ महिने उरले होते. कंपनीला संरक्षण खात्याची ऑर्डर मिळाली होती. अशा कामावरच्या प्रत्येकाला आधी सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. म्हणजे गुप्त ड्रॉइंग हाताळायला हा माणूस भरवशाचा आहे, असा सरकारी शेरा. फॉर्म तपासून खाली सही मी करायची.

सोपान जवळच्याच कुरुळी गावचा. टेस्टिंगमध्ये त्याच्याइतकं चोख काम कोणाचंच नव्हतं. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"सोपान, हे काय लिहिलंत?"

"बरोबर हाय की मॅडम. चार वर्षं थेंब न्हाई घेतला."

"घेता का, असं विचारलेलं नाही. उपचार घेतले का, असं विचारलंय."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "खरं लिवलं तर जुन्या लाइनला टाकतील. सगळी शिफ्ट इचारंल, का काढला म्हणून. पोरगी कॉलेजात हाय, तिला यातलं काय म्हाईत न्हाई." मग हळूच म्हणाला, "आन् कावीळ तर तुमीच लिवली व्हती."

चार वर्षांपूर्वी तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला, तेव्हा त्याची बायको माझ्यासमोर रडली होती. मी दीड महिन्याची रजा मंजूर केली आणि कारणापुढे 'कावीळ' लिहिलं. चौकशी अधिकारी आता रजेचे कागदही बघणार होते. सोपानचं खोटं आणि माझं खोटं अगदी जुळत होतं. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं.

फॉर्म दोन दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. जेवण जाईना. तुमचे आजोबा दोनदा विचारून गेले, "बीपीची गोळी घेतलीस ना?"

तिसऱ्या दिवशी मी प्लांट हेडकडे गेले. "सर, सोपानच्या रजेचं कारण मी खोटं नोंदवलंय."

"मॅडम, आठ महिने राहिलेत तुमचे. आत्ताच कशाला उकरून काढताय?"

"आता मला परत सही करायची आहे, सर."

सोपानला कोरा फॉर्म दिला. दुसऱ्या दिवशी तो भरून घेऊन आला.

"पोरीला सांगितलं, मॅडम."

"मग?"

"म्हणली, अख्ख्या कुरुळीला माहितीय, पप्पा."

चौकशी अधिकाऱ्यांनी सोपानला दहा मिनिटं विचारलं. दारू कधी सुटली, केंद्राचं पत्र आहे का, डॉक्टर काय म्हणतात. मला तासभर बसवलं. आणखी कोणाकोणाची कावीळ लिहिलीत, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. एकाचीही नाही, मी म्हणाले. ते खरं होतं, पण त्यांनी ते नुसतं लिहून घेतलं.

पाच महिन्यांनी सोपानला क्लिअरन्स मिळाला. मला लेखी वॉर्निंग मिळाली, आणि माझ्या सहीचे बाकीचे सगळे फॉर्म फेरतपासणीला गेले.

दारू सुटल्याचं पत्र केंद्र देतं. खोटं सुटल्याचं पत्र देणारं केंद्र मला अजून सापडलेलं नाही.