पाण्याखालच्या करंजापाशी

परवाच्या रविवारी हिडकल धरणाच्या पाण्यात आम्ही तिघं बोटीत होतो. माझी आत्या, तिचा मुलगा अण्णा आणि मी. आत्याच्या मांडीवर दुधाची किटली होती... आणि वारा सुटला होता.

बोट अण्णाची. वीस वर्षं गोव्यात वॉटर स्पोर्ट्समध्ये काढून तो परत आला, आणि येताना वेकबोर्डिंगची एक जुनी बोट घेऊन आला. पायाला फळी बांधून, दोरी धरून बोटीमागच्या लाटेवर उड्या मारतात, त्यासाठीची. सुट्टीत संकेश्वर-बेळगावची मंडळी येतात.

आत्याचं सासरचं गाव याच धरणात गेलं. दोन महिन्यांपूर्वी बेळगावला माझ्या स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता तिने मला सांगितलं, अण्णाच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. चार महिन्यांची असताना तापाने गेली. नदीकाठी करंजाच्या झाडाखाली तिला पुरलं. गाव सोडायच्या दिवशी तिथे दूध घालून यायचं होतं, पण सामानाचा ट्रक लवकर आला आणि सासऱ्यांनी जाऊ दिलं नाही.

उन्हाळ्यात पाणी हटलं की गावाचा वरचा भाग उघडा पडतो. नदीकाठ कधीच नाही... म्हणून बोट. अण्णाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाच्या जागेवर दूध सोडायचंय, एवढंच ती त्याला म्हणाली होती. त्याला वाटलं, देवाचं काही असेल.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना आत्या म्हणाली, "लग्नातबी एवढं आवळून बांधलं न्हवतं रं मला."

अण्णाचं लक्ष पाण्याकडे. "वारं लई हाय आज. ही बोट लाटा काढायला केल्याली, लाटा खायाला न्हाई. म्होरल्या आयतवारी जाऊया की."

"मग गोव्यात वीस वर्सं काय बोटी धुत बसलतास व्हय?"

तो हसला आणि त्याने चावी फिरवली.

या बोटींच्या पोटात टाक्या असतात. त्यांत पाणी भरून बोट जड करतात, म्हणजे मागे मोठी लाट उठते. रिकामी बोट अशा उसळत्या पाण्यावर थपाथप आपटत जाते, आणि आत्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून अण्णाने टाक्या जवळजवळ भरून घेतल्या. आईला हादरे बसू नयेत, एवढाच त्याचा विचार.

आणि जाताना बोट खरंच छान गेली. तो लाटांना सरळ भिडत नव्हता, जरा तिरकी घालत होता, वेग एकसारखा ठेवून. पण मागे बसून आत्याला पुढचं दिसेना, तेव्हा आम्ही दोघी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाकाकडच्या उघड्या भागात जाऊन बसलो. अण्णा एकदाच नको म्हणाला. आत्या फक्त दोन टेकड्या बघत होती. एकीची सोंड दुसरीच्या आड गेली की खाली करंज.

"हितंच," ती म्हणाली. "थांबीव."

अण्णाने लगेच वेगाचा लिव्हर मागे ओढला. तीच चूक. आमच्याच बोटीची लाट मागून आली, तिने मागची बाजू उचलली. भरल्या टाक्यांनी आणि आम्हा दोघींनी जड झालेलं नाक खाली गेलं आणि समोरची लाट सरळ आमच्या मांडीवर आली. क्षणात घोट्यावर गार पाणी... किटली आत्याच्या हातून सुटली.

"मागं या. दोघीबी मागं या, बसूनच सरका." अण्णाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याने हळूच वेग देऊन नाक वर घेतलं, टाक्या रिकाम्या करायला घेतल्या, आतलं पाणी उपसणारा पंप सुरू केला. दोन-तीन मिनिटांत बोट सावरली.

रिकामी किटली पायाशी गडगडत होती. दूध बोटीतल्या पाण्यात पसरलं होतं.

"माझंच चुकलं, आई," अण्णा म्हणाला. "एकदम थांबवाय नको हुती. दुसरं दूध आणू. देव काय पळून जातोय?"

"देवाचं न्हवतं ते. तुझ्या आक्काचं हुतं."

"कुठली आक्का?"

आत्याने सांगितलं. मला सांगताना तिला अर्धा तास लागला होता, त्याला तीन वाक्यांत सांगून झालं. अण्णा मागे वळला नाही. वळता येत नव्हतं... स्टिअरिंग सोडलं असतं तर बोट लाटांना आडवी झाली असती. त्याची मान खाली गेलेली मला दिसली, आणि लगेच वर आली.

बोटीच्या कडेला एका भोकातून पंपाचं पाणी बाहेर पडत होतं. पांढुरकं. आत्या वाकून बघत राहिली.

"ह्ये कुठं चाललंय रं?"

"भाईर. धरणात."

"मग बंद करू नगं."

त्याने बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरलं आणि तिला तिथेच, त्या टेकड्यांच्या रेषेत, रोखून ठेवलं. कोपऱ्यात साचलेलं पाणी आत्या तळहाताने पंपाकडे ढकलत होती. मीही ढकलू लागले... पंप कोरडा खरखरायला लागेपर्यंत.

परतल्यावर धक्क्यावर आत्याच्या जॅकेटचे पट्टे सोडता सोडता अण्णाने विचारलं, "नाव ठेवलंवतं?"

"इंदू," आत्या म्हणाली. "तुझ्यागतच कान हुते."

अण्णा अजून स्वतःला दोष देतो. काल फोनवरही तेच. त्याचं बरोबर आहे... पाठोपाठ दुसरी लाट आत आली असती तर, याचा विचार मला करवत नाही. पण त्याने शिस्तीत, हळूहळू बोट थांबवली असती तर आत्याने दूध गुपचूप पाण्यात सोडलं असतं, आणि इंदू आम्हा दोघींपुरतीच राहिली असती. आता ती त्याचीही आहे.

कुणाचे आभार मानायचे ते मला कळत नाही. पण मानावेसे वाटतात.