कृष्णनाथ मास्तरांची शपथ

पार्शातले कृष्णनाथ मास्तर आधी बोलत आणि मग विचार करत. शाळेत ते खपून गेलं, कारण तिथे उलट बोलणारं कोणी नव्हतं.

शहाऐंशीच्या डिसेंबरात गोव्यात मराठी की कोकणी हा राजभाषेचा वाद ऐन भरात होता. देवळासमोरच्या सभेत मास्तरांना जोर चढला. नारळावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली की, कोकणी राजभाषा झाली तर तिचा एक शब्द तोंडातून काढणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

फेब्रुवारीत कायदा झाला. टाळ्या वाजवणारे आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखेच बोलू लागलो. मास्तर मात्र शब्दाला चिकटले. आमची घरची बोली मराठीची की कोकणीची, यावर तालुक्यात दोन मतं होती. जोखीम नको म्हणून मास्तरांनी तीही सोडली आणि पुस्तकी मराठी धरली. जेवताना बायकोला म्हणायचे, "किंचित मीठ द्यावे." वत्सलाबाई मिठाची बरणीच पुढे सरकवायच्या.

अडलं ते आईपाशी. गंगाआये ऐंशीची, दृष्टी गेलेली, कानांनी अधू. सुनेच्या हातची पेज तिला चालत नसे, हा जुना हट्ट. भरवायचं ते मुलाने, आणि मुलगा ती ओळखायची 'आये' या हाकेवरून. आता कोणीतरी "मातोश्री, थोडे ग्रहण करावे" म्हणू लागलं, तेव्हा तिने तोंड मिटलं.

"ह्यो कोण मास्तर इलोहा गो?" ती सुनेला विचारायची. "माझो कृष्णा खंय गेलो?"

चार दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर आठवडा काढणार नाही. मी मास्तरांना म्हटलं, सोडा ती शपथ. ते म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द." मला संताप आला, पण टाळ्या वाजवणाऱ्याने बोलावं कुठल्या तोंडाने?

त्यांच्या परसातल्या माडांची सूर, म्हणजे ताजी माडी, काढायला कायतान रेंदेर दिवसातून तीनदा चढायचा. वरून त्याला अख्ख्या वाडीचं ऐकू जायचं, आणि उतरताना तो ते वरच ठेवून यायचा. "सायबा, माझ्या तोंडाक पारो बसय," तोंडावर पहारा, एवढंच तो रोज प्रार्थनेत मागायचा. त्या सकाळी तो उतरला आणि पहिल्यांदाच न बोलावता सोप्यावर आला.

"मास्तर, आमच्या बायबलात एक सेनापती आसा," तो म्हणाला. "लढाय जिंकलंय तर घरातसून पयलें जें भायर येतलां, तें देवाक बळी देतलंय, अशी आण घातली तेणें. जिंकलो. घरा इलो. त्याचीच पोर भायर इली. एकुलती."

"मग?"

"मग काय? दिलेलो शब्द पाळल्यान."

"मूर्ख," मास्तर म्हणाले. "देवाने मागितलं होतं का ते?"

"देवान कायच मागूंक नासलां. तोच उलयलो, आपल्याच तोंडान."

कायतान सुरेचं मडकं उचलून निघून गेला. त्या दिवशी मास्तरांनी आधी विचार केला. मग उठून वत्सलाबाईंना म्हणाले, "एक नारळ काढून ठेव गो. सांजे देवाकडे चूक कबूल करूंक जातलंय."

पेजेची वाटी घेऊन ते आत गेले. आईच्या कानाशी वाकले. "आये, पेज घे."

तिने तोंड उघडलं. तीन चमचे गेल्यावर तिने त्यांचा हात चाचपला.

"तो मास्तर गेलो?"

"गेलो," मास्तर म्हणाले.