साहेबांच्या हस्ते होमस्क्रीन

पुण्यातली नोकरी सोडून मी कराडला परतले, तेव्हा माझं एक ॲप अर्धंमुर्धं तयार होतं. मोबाइलच्या होमस्क्रीनवर घड्याळ, हवामान, आपल्या माणसांचे फोटो हवे तसे आणि हव्या त्या आकारात मांडायचं ॲप. मी ते नेटकं ठेवलं होतं. मधोमध बारीक घड्याळ, भोवती भरपूर पांढरी जागा. पुण्यात त्या पांढऱ्या जागेचं कौतुक करणारे लोक भेटायचे. गावाकडं माझ्या चुलतभावानं ती बघितली आणि विचारलं, "आगं, येवढी जागा पडीक का टाकलीयास?"

हा दादा म्हणजे गावचा युवा नेता. वय पंचेचाळीसच्या घरात, पण आमच्याकडं तिकीट मिळेपर्यंत माणूस युवाच असतो. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती आणि या खेपेचं तिकीट आपलंच, असं तो धरून चालला होता. वर्षानुवर्षं त्यानं पक्षाची तिकिटं वाटणाऱ्या साहेबांच्या सभांना खुर्च्या लावल्या, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स उभे केले. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा साहेबांची सवड बघून काढला. साहेब आले नाहीत, ते सोडा.

त्याच्या लेखी होमस्क्रीन म्हणजे खिशात मावणारा फ्लेक्स. वर साहेब, खाली कार्यकर्ते, आणि कुणाचं तोंड कुणापेक्षा मोठं यावरून हाणामारी. मी म्हटलं, भांडणच नको, आकार फोनला ठरवू दे. फोनमधले सगळे नंबर घ्यायचे, ज्याच्याशी जास्त बोलणं, त्याचा फोटो मोठा. दादा खूश झाला. "मंग साहेबच मोठं येनार. रोज फोन लावतो मी त्यास्नी."

लावत होता खरा. पण ॲप उचललेलेच फोन मोजणार होतं.

सगळं त्याच्या मोबाइलवर चढवलं आणि म्हटलं, एकदा उघडून तपासून घेऊ. तो माझ्यावर उखडलाच. "उद्घाटनाच्या आदी कुनी उघडतं व्हय? पयलं बोट साहेबांचं लागलं पायजे." पूल असो, मुतारी असो की मोबाइल, आमच्याकडं साहेबांचा हात लागल्याशिवाय वस्तू चालू होत नाही.

साहेबांच्या बंगल्यावर दादानं शाल, नारळ आणि ताटात मोबाइल अशी जय्यत तयारी केली. मोबाइलला हळदकुंकू लावलं, ते काचेवर सांडलं, मी ओढणीनं पुसलं. साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं. टाळ्या पडल्या. फोटो सरकायला लागले, आणि बघता बघता एक तोंड फुगत फुगत अख्खा पडदा व्यापून बसलं.

ते होतं खालच्या आळीच्या आप्पांचं. आप्पा म्हणजे विरोधी गटाचा गावातला म्होरक्या. नुकत्याच झालेल्या ग्रामसभेत दादानं त्यांचा बाप काढला होता आणि त्यांनी दादाचा आजा.

साहेबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "आमी कुटं हाय ह्यात?"

मी दाखवलं. हवामानाच्या खाली, कोपऱ्यात, गॅसवाल्याच्याही मागं तिळाएवढे साहेब होते.

दादा घाईघाईनं पुढं झाला. "आवं साहेब, नदीवर आमची दोगांची मोटार एकच हाय. लाईट आली का, येवढंच इचारतो." हे अक्षरशः खरं होतं. शेतीची लाईट कधी दिवसा येते, कधी मध्यरात्री, आणि ज्याला आधी कळेल त्यानं दुसऱ्याला उठवायचं, हा दोघांच्या बापांपासूनचा रिवाज. पण खरं बोलणाऱ्या कार्यकर्त्यावर कोण विश्वास ठेवतो?

फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो, ही सोय माझीच. साहेबांनी आप्पांच्या गालावर बोट ठेवलं. आप्पांच्या आवाजाला स्पीकर लागत नाही. "काय रं, आली का लाईट?"

"आली," साहेब म्हणाले. "आता तुमीबी या."

पलीकडून "साहेब?" असं दबकं ऐकू आलं. साहेब मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेले आणि चांगले घोळवून घोळवून बोलले. दादा रिकामं ताट धरून उभा होता.

पुढच्या आठवड्यात आप्पांचा पक्षप्रवेश झाला, आणि तिकीटही त्यांनाच. "तुमचं दोगांचं जमतंय की," असं म्हणून साहेबांनी दादाला आप्पांचा प्रचारप्रमुख केलं.

दादा मला शिव्या घालायला येईल असं वाटलं होतं. तो आला आणि मोबाइल माझ्यापुढं ठेवून बसला. मला त्याची दया आली, साहेबांची चीड आली आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. मी म्हटलं, "आप्पांचा फोटो हातानं बारीक करून देऊ का?"

"त्येचा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "रात्री-अपरात्री त्योच उचलतो फोन. साहेबांचा काढ."

मी काढला. फोटो कसा गेला हे त्यानं निरखून बघितलं, मोबाइल खिशात घातला आणि चहा न घेता उठला.

प्रचाराचा नारळ फुटला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. साहेबांच्या नावाची घोषणा सगळ्यांत मोठ्यानं दादाच देत होता.