मिटमाखटाग म्हणजे सहल

माझं जर्मन उत्तम आहे, असं आमच्या घरात फक्त मी म्हणतो.

त्यात पुण्याहून सासरे, म्हणजे बाबा, जर्मनीत ड्रेस्डेनला आमच्याकडे राहायला आले. बाबांचं आयुष्य कारखान्यात गेलं आणि निवृत्तीनंतर त्यांनी एकच हौस धरली, बोलिव्हियातलं पोतोसी, चार हजार मीटर उंचीवरचं चांदीच्या खाणींचं जुनं शहर, एकदा बघायचं. डॉक्टरांनी तेवढ्या उंचीवर जायला मनाई केली. मी म्हटलं, "बाबा, तासाभरावर फ्रायबर्ग आहे. तिथेही चांदीच्या खाणी!"

"बघू," बाबा म्हणाले. (लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझ्या बाबतीत त्यांची मजल 'बघू' आणि 'ठीक'च्या पुढे गेलेली नाही. या वेळी त्यांच्या तोंडून एक 'वा!' काढायचाच, असा मी चंग बांधला.)

खाणीच्या वेबसाइटवर शनिवारचा 'मिटमाखटाग' दिसला. मिट म्हणजे सह, टाग म्हणजे दिवस. सह... सहल! सहलीचा दिवस! वर दुपारचं सूप त्यांच्याकडून. मी तिघांची नावं ठोकून दिली.

"अरे, मला दाखव तरी एकदा," माझी बायको गौरी म्हणाली.

"मला येतं जर्मन!"

शनिवारी फ्रायबर्गच्या दगडी गल्ल्या, बाजारचौक बघून आम्ही खाणीवर पोचलो. बाबा इस्त्रीच्या सफारीत, मी पांढऱ्या बुटांत. "ग्ल्युक आउफ!" असा खाणवाल्यांचा रामराम करत एक दाढीवाले आजोबा पुढे आले. त्यांनी हेल्मेट दिली, गमबूट दिले. "बघितलंत बाबा, काय व्यवस्था आहे!" मी म्हणालो. मग हातमोजे दिले. मग फावडी!

"फोटोसाठी असतील," मी म्हणालो.

खाली गेलो तर समोर गुडघाभर गाळ, एकचाकी हातगाडी आणि ती भरणारे पाच-सहा जर्मन. मी आजोबांना गाठलं. "फ्युरुंग? टूर?"

"नाइन, नाइन! मिटमाखटाग!" म्हणत त्यांनी फावडं मारून दाखवलं.

"अरे, सगळ्यांनी हातभार लावायचा दिवस!" गौरी किंचाळली. "तू बाबांना श्रमदानाला आणलंयस! आणि त्यात 'माख' आहे रे! मराठीत वाचलं असतंस तरी कळलं असतं!"

सत्तरीचा माणूस, त्यातून सासरा! "बाबा, चुकलं माझं. परत जाऊ या."

बाबा हलले नाहीत. ते हातगाडी निरखत होते. "गाळ मागे भरतायत. वजन चाकावर नको का? अहो, हॅलो! नॉट लाइक धिस!"

अर्ध्या तासात बाबांनी सहा जर्मनांची रांग लावली, बादल्या हातोहात फिरू लागल्या आणि दाढीवाले आजोबा प्रत्येक सूचनेला "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' म्हणत मान डोलवू लागले. काम कसं करायचं ते पुणेकर सांगतोय आणि जर्मन ऐकतायत! अभिमानाने माझा ऊर भरून आला. (त्या भरात मी हातगाडी दोनदा स्वतःच्याच पायावर उलटवली.)

सूप पिताना चिखलाने माखलेल्या बाबांनी माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगितलं, "माय सन-इन-लॉ! ही अरेंज्ड एव्हरीथिंग!" मग माझ्याकडे वळून, "वा, जावईबापू! पोतोसीत मला कोणी फावडं दिलं असतं?"

माझी छाती अशी फुगली, की आजोबांनी पुढे केलेल्या कागदावर मी न वाचताच झोकात सही ठोकली. काय लिहिलंय, ते गौरीने ट्रेनमध्ये वाचून दाखवलं.

बाबा आता पुण्यात आराम करतायत. मी खाणीची देखभाल करणाऱ्या त्या मंडळाचा आजीव सभासद आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फ्रायबर्गला गाळ उपसतो!