रॉक गार्डनमधला काळा दगड

फरशांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. सांगितलेल्या भावात आयुष्यात काही घेतलं नाही. पन्नाशीनंतर मात्र दगडांनी मला वेड लावलं. घरापुढच्या उतारावर नदीतले गोटे रचले, फटींत नेचे लावले, वर निवडुंग. चार वर्षांत उतार भरला. शेजारी राहणारा माझा चुलतभाऊ रोज मधल्या दगडी गडग्यावरून विचारायचा, "रे, दरड कोसळली काय?" एवढ्या वर्षांत एका झाडाला बरं म्हटलं नाही त्याने. ते मी विसरलेलो नाही.

मग वालावल गावात एकाची विहीर खणताना निघालेला कमरेएवढा काळा दगड मिळाला. मालक देईना. तीन खेपा घातल्या, भांडलो, उठून निघालो, परत गेलो आणि आणला. सहा गड्यांनी पहारी लावून तो बागेच्या मधोमध उभा केला. इथेच माझं चुकलं. नवं काम म्हणून सवयीने नारळ फोडला आणि दगडाकडे तोंड करून, देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हय बसलंस, आता बागेक सांभाळ!" गडी ओरडले, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी दगडावर जास्वंद होती. आठवड्यात चुलतभाऊ रोज तांब्याभर पाणी ओतायला लागला. माझ्याच फाटकातून, मला न विचारता! पायथ्याचे निवडुंग कुजू लागले. मी ओरडलो, "तो दगड आहे!"

"तूच नारळ फोडलंस, तूच गाऱ्हाणा घातलंस," तो म्हणाला. "आता नाय म्हणान चलात काय रे?"

निवडुंग वाचावेत म्हणून दगड गडग्याशी सरकवायचं ठरवलं, तर तेच सहा गडी हात लावेनात. बायको म्हणाली, "अहो, कौल घेवा." देवळातल्या गुरवाला बोलावलं. त्याने दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"दहा फूट सरकवू?" डावी पडली.

"आठ?" डावी.

"बरं, पाच. त्याच्या खाली परवडत नाही."

"शेट," गुरव कावला, "देवाक इचारतास की बाजारात मासळी घेतास?"

चुलतभाऊ तांब्या घेऊन उभाच होता. पोट धरून हसला. पाचालाही डावी पडली, तेव्हा माझं डोकं फिरलं. पण गिऱ्हाईक भावात अडलं की भाव सोडून दुसरंच काही मागावं, हे मला दुकानाने शिकवलंय.

मी हात जोडले. "म्हाराजा, तू हयच ऱ्हव. पण रोजचा पाणी बंद. फकस्त फूल. चलात?"

उजवी पाकळी टपकन पडली.

"व्हय म्हाराजा!" गुरवाच्या आधी मीच ओरडलो.

चुलतभावाने हातातल्या तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "देवाक पण गुंडाळलंस मेल्या," म्हणाला आणि पाणी गडग्यापलीकडे आपल्या माडाच्या आळ्यात ओतलं.

त्याच दुपारी मी कुजलेले निवडुंग उपटून नवे लावले. चपला फाटकाशीच काढून अनवाणी लावले, काटे टोचून घेत. बायको दारात उभी राहून माझ्या पायांकडे बघत होती.